नऊशे ग्रॅमचा गोळा

ओव्हनसमोरची एक फरशी सैल होती. पाय पडला की टक् असा आवाज करायची. या घरात राहायला आल्यापासून, म्हणजे गेली एकवीस वर्षं, एकदा गवंड्याला बोलवायला हवं असं दोघंही म्हणत होती आणि एकवीस वर्षांत गवंडी काही आला नव्हता. पुढं पुढं तो आवाज अंगवळणी पडला. बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेल्या कोचना नुसत्या टक् वरून कळायचं, की ही ओव्हनपाशी आहे, तेव्हा चहाचं नाव काढायला हरकत नाही.

कोच म्हणजे तिचा नवरा. तीस वर्षं त्यांनी शहराच्या तलावावर पोरांना पोहायला शिकवलं, त्यामुळे सख्खी मुलगीसुद्धा त्यांना कोचच म्हणायची. आणि ती ग्रॅमताई. हे नाव तिला मोठ्या हॉस्पिटलच्या औषधखात्यात मिळालं. तिथं भुकट्या तोलून लहान मुलांच्या पुड्या बांधायचं काम तिच्याकडे होतं आणि 'चालतंय की, एवढ्यानं काय होतं' म्हणणाऱ्या माणसाशी तिचं एक दिवसही पटलं नाही. काट्यावरचा आकडा आपल्या हातून कधी खोटा लिहिला गेला नाही, एवढी एकच फुशारकी ती मारायची. निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी मिळून तिला दोनशे ग्रॅमचं पितळी वजन भेट दिलं, तेही तपासून शिक्का मारलेलं.

निवृत्तीनंतर ती घरी पाव भाजायला लागली आणि सवय तशीच राहिली. मैदा, पाणी, मीठ, यीस्ट, सगळं काट्यावर. पाव तर दोनदा तोलायचा. साच्यात घालताना एकदा आणि भाजून, निवून झाल्यावर एकदा. नऊशे ग्रॅमचा गोळा आत गेला की सातशे नव्वदच्या आसपास पाव बाहेर येतो, बाकीचं पाणी वाफ होऊन जातं. दोन-चार ग्रॅम इकडेतिकडे. तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकोनात लिहिला की ग्रॅमताईला दिवस मार्गी लागल्यासारखं वाटायचं. त्या घरात तोलायची राहून गेलेली वस्तू एकच होती, आणि ते तिच्या लक्षात यायला बराच उशीर झाला.

कोचच्या पोटाचं पहिलं ऑपरेशन झालं तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर किलोंचे होते. चार महिन्यांनी सेहेचाळीस. खाल्लेलं काही पोटात ठरत नव्हतं. दुसरं ऑपरेशन करायचं होतं, आणि ते मोठं होतं.

"सेहेचाळीस किलोच्या माणसाला मी टेबलावर घेणार नाही," सर्जनबाई म्हणाल्या. "बावन्न करून आणा."

"किती दिवसांत?"

"सहा आठवडे. त्यापुढं थांबण्यात अर्थ नाही."

बावन्न करून आणा, असं त्या म्हणाल्या, पॅन्ट आखूड करून आणायला सांगावं तसं. ग्रॅमताईला राग आला, पण राग काढायला समोर कुणी नव्हतं. रिक्षात कोच खिडकीला डोकं टेकून बसले होते आणि त्यांची मानगूट एवढी बारीक दिसत होती की ग्रॅमताई घरी पोचेपर्यंत बाहेरच बघत राहिली. एवढंच खरं होतं की त्या काळात कोचच्या पोटात एकच गोष्ट ठरायची. तिच्या हातच्या पावाचा तुकडा, दुधात बुडवलेला.

तेव्हा पाव रोज लागणार. जुना साचा कडेला गंजला होता म्हणून ती भांड्यांच्या दुकानात गेली. हे दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत, लांबट आणि काळोखं. पुढं पातेली, कढया, चाळण्या, मागं मैद्याच्या गोण्या आणि त्या तोलायला जमिनीवरचा काटा. दारात लाकडाची एक फळी होती. कुणीही आत आलं की ती करकरायची आणि मागं बसलेला दुकानदार मान वर करायचा.

"साचा हवाय. किलोभराचा," ती म्हणाली. "आमच्या ह्यांचं वजन सहा किलोंनी वाढवायचंय."

दुकानदारानं मांडणीवरून साचा काढला. ग्रॅमताईनं स्वतःच्या कमरेवर चापट मारली. "इथलं काढून तिकडं लावता आलं असतं तर आजच लावलं असतं. म्हटलं असतं घ्या, लागेल तेवढं घ्या."

हा विनोद तिनं त्या आठवड्यात दहा जणांना सांगितला होता आणि दहाही जण हसले होते. दुकानदार हसला नाही. विहिरीत वाकून बघावं तसं त्यानं एकदा साच्यात बघितलं आणि तो कागदात गुंडाळायला घेतला.

"नवा आहे," तो म्हणाला. "पहिले एक-दोन पाव जरा चिकटतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नऊशे ग्रॅमचा गोळा साच्यात घातला. पाव भाजून निघाला, जाळीवर निवला, वरचं कवच बारीक तडतडून गप्प झालं. तिनं तो काट्यावर ठेवला. नऊशे दोन.

गोळा तोलताना आपली चूक झाली, असं तिनं धरलं. हे धरणंही तिला अवघड गेलं, कारण तिची चूक होत नसे. कॅलेंडरात तिनं ९०२ लिहिलं आणि पुढं एक प्रश्नचिन्ह काढलं. दुसऱ्या दिवशी गोळा तीनदा तोलला. नऊशे, नऊशे, नऊशे. पाव आला नऊशे पंधराचा. आठवडा संपता संपता नऊशे साठ. हातात घेतला की मनगट खाली जायचं, पण कापल्यावर आत एरवीसारखाच हलका, जाळीदार, कुठं गच्च नाही, कुठं ओलसर नाही.

आता ग्रॅमताई गप्प बसणाऱ्यातली नव्हती. तिनं पितळी वजन काट्यावर ठेवलं. काटा दोनशे म्हणाला. मग तिनं मैदा बदलला. यीस्ट बदललं. नळाच्या पाण्याऐवजी बाटलीतलं घेतलं. जुना गंजका साचा घासून वापरला. एक दिवस गोळा समोरच्या शिवणवालीच्या ओव्हनमध्ये नेऊन भाजला. कॅलेंडरातले आकडे मात्र वर वर जात राहिले, हजार पाच, हजार वीस, हजार चाळीस.

आणि कोचचं वजन वाढत होतं. दर रविवारी ते न्हाणीघराच्या काट्यावर उभे राहायचे आणि ती वाकून आकडा वाचायची. सत्तेचाळीस. साडेअठ्ठेचाळीस. कोचना आता भूक लागायची. पाचव्या तुकड्याला हात घालताना ते तिच्याकडे चोरून बघायचे आणि तिला इतका आनंद व्हायचा की ती मुद्दाम पाठ फिरवून भांडी विसळायची. पाव जड येतो तर येऊ दे, असं पहिल्यांदाच तिच्या मनात आलं.

"काय मळतेस गं याच्यात?" कोचनी एकदा विचारलं. "चव तीच आहे, पण पोट कसं भरतं."

"मैदाच आहे. गप खा."

एक शेवटचा प्रयोग राहिला होता आणि तो न करता तिला झोप लागेना. तिनं शिवणवालीला सकाळी घरी बोलावलं. तेच सामान, तोच साचा, तोच ओव्हन. सगळं ग्रॅमताईनं तोलून दिलं, मळलं मात्र शिवणवालीनं.

"तू स्वतः का मळत नाहीस?" बाहीला पीठ लागू नये म्हणून कोपरानं ती वर सारत शिवणवालीनं विचारलं.

"मनगट दुखतंय."

"दुखणारच. महिन्याभरात दोनदा तुझे कपडे आत घेऊन दिलेत मी. काय खातेस ते मलाही सांग, माझं पोट काही उतरत नाही."

"धावपळ चाललीय नुसती. त्यानं उतरतं."

पाव निवला. दोघींनी मिळून तो काट्यावर ठेवला. सातशे अठ्ठ्याऐंशी.

"बरोबर आलाय का?" शिवणवालीनं विचारलं.

"अगदी बरोबर," ग्रॅमताई म्हणाली आणि तिनं तो आकडा कॅलेंडरात लिहिला. एकूणएक गोष्ट बदलून झाली होती. न बदललेले राहिले होते ते तिचे स्वतःचे दोन हात.

त्याच दुपारी ती भांड्यांच्या दुकानात गेली. दुकानदार मागं गोण्या मोजत होता. ती त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली, खाकरली, तेव्हा तो दचकला.

"दुसरा साचा हवाय," ती म्हणाली.

"त्यात काय बिघडलं?"

"काही नाही. पाव जड येतोय."

"तसले डझनभर आणले होते. अकरा गेले, कुणाचीच तक्रार नाही." तो तिच्या पायांकडे बघत होता, मग दाराकडे. "बाई, तुम्ही आत कधी आलात?"

"आत्ताच."

"फळी वाजली नाही," दुकानदार म्हणाला.

 मग त्यानं जमिनीवरच्या काट्यावरची गोणी ओढून बाजूला घेतली आणि तो स्वतः दोन पावलं मागं सरकला. उभ्या राहा, असं तो म्हणाला नाही. ती आपणहून उभी राहिली.

चष्मा लावायचीही गरज पडली नाही, आकडे चांगले बोटभर उंच होते. हॉस्पिटलातल्या शेवटच्या तपासणीत ती चौसष्ट होती. काटा त्रेपन्न दाखवत होता.

तिनं आकडा दोनदा वाचला. मग डोकं सवयीनं आकडेमोडीला लागलं. कोचचे चार वाढले होते. तिचे अकरा गेले होते. मधले सात कुठं गेले ते कळायला मार्ग नव्हता. तोलताना थोडी भुकटी हवेत जातेच, असं ती औषधखात्यात नव्या मुलींना सांगायची. आताही तिला तेच वाक्य आठवलं आणि ते काही बरं वाटलं नाही.

ऑपरेशनला दहा दिवस होते आणि कोच पन्नासवर होते. दोन किलो हवे होते. ती काट्यावरून उतरली, नवा साचा न घेता घरी आली, हात धुतले आणि पीठ भिजवलं. हे करताना ती घाबरलेली होती, हे सांगायला हवं. पण थांबावं असं तिला वाटलं नाही, हेही तितकंच खरं. मळताना तिनं पहिल्यांदा गोळ्याकडे नीट लक्ष दिलं. तो कोमट होता. पाणी तर तिनं गार घातलं होतं.

बावन्न किलो तीनशे. सर्जनबाई खूश झाल्या. ऑपरेशन चार तास चाललं आणि चांगलं झालं. त्या बाहेर येऊन तसं म्हणाल्या तेव्हा ग्रॅमताईचा जीव भांड्यात पडला.

आता पुरे, असं तिनं ठरवलं होतं. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर आठवडाभर तिनं कोपऱ्यावरच्या बेकरीतला पाव आणला. कोच निमूटपणे खायचे आणि तासाभरानं सगळं बाहेर पडायचं. आठवड्यात दोन किलो उतरले. जखम भरेना. आठव्या दिवशी सकाळी ते पलंगावर उठून बसले आणि लहान मुलासारखं म्हणाले, "तुझ्या हातचा नाही का आज?"

तिनं पुन्हा पीठ भिजवलं. स्वतः मात्र ती पुन्हा काट्यावर उभी राहिली नाही.

दोन महिन्यांत कोच साठ किलोंचे झाले. फिरायला जाऊ लागले, जुन्या पोरांना भेटू लागले, जिन्यावर शीळ घालू लागले. ग्रॅमताईला बारीक बारीक गोष्टी कळत होत्या आणि ती त्या कुणाला सांगत नव्हती. रात्रभर निजूनही सकाळी तिच्या बाजूची गादी सपाट असायची. उशीवर खळगा नसायचा. बसमध्ये तिच्या मांडीवर लोक पिशव्या ठेवू बघायचे आणि मग ओशाळून उचलायचे. अंगठी घट्ट बसावी म्हणून तिनं तिला दोरा गुंडाळला होता, तोही पुरेना.

अंगठी कोचना सापडली. ते सकाळचा तुकडा चावता चावता थांबले, तोंडात बोटं घातली आणि ती बाहेर काढली. दोऱ्यासकट.

"हे बघ, तुझा खजिना," ते हसत म्हणाले. "आण हात इकडं."

त्यांनी ती तिच्या बोटात घातली. अंगठी घरंगळून टेबलावर पडली. मग त्यांनी ती मधल्या बोटात घातली. मग अंगठ्यात. तिथूनही ती सुटली. कोच हसायचे थांबले. त्यांनी तिचा हात आपल्या तळहातावर ठेवला आणि तो कागद उचलावा तसा वरखाली करून बघितला.

"अगं," ते म्हणाले, "तुझा हात लागतच नाही."

तिनं त्यांना कॅलेंडर आणून दाखवलं. एकेक महिना मागं उलटत पहिल्या प्रश्नचिन्हापर्यंत. साचा, दुकान, शिवणवालीचा पाव, जमिनीवरचा काटा, सगळं सांगितलं.  अर्धा खाल्लेला तुकडा कोचनी बशीत ठेवला आणि बशी हळूच लांब सरकवली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही खाल्लं नसतं."

"नसतंच खाल्लं."

"म्हणून नाही सांगितलं."

ते उठून खिडकीपाशी गेले आणि पुष्कळ वेळ पाठमोरे उभे राहिले. पुन्हा रुंद झालेल्या त्या पाठीकडे बघताना तिला बरंच वाटत होतं, त्याला काही इलाज नव्हता.

"उद्या मी मळणार," ते म्हणाले. "तू फक्त तोलून दे."

सकाळी कोच तिचा एप्रन बांधून ओव्हनसमोर उभे राहिले. एप्रन त्यांना आखूड होत होता. फरशी टक् टक् वाजत होती. तिनं मैदा तोलला, पाणी तोललं, मीठ तोललं. त्यांनी दोन्ही हात परातीत घातले आणि, कुणी हसेल याची पर्वा न करता, मोठ्यानं म्हणाले, "माझं घे. लागेल तेवढं घे."

तासभर ते मळत होते. पोरांना पाण्यातून ओढून काढणारे ते हात, त्यांच्या शिरा फुगल्या होत्या आणि कपाळावरून घाम ओघळत होता. त्यांच्या मनात खोट नव्हती. तिनं चाळीस वर्षं त्या माणसाचा चेहरा बघितला होता, तिला तेवढं कळत होतं.

गोळा नऊशे भरला. तिनं बोट लावून बघितलं. तो गार होता.

पाव निवेपर्यंत दोघं टेबलाशी बसून राहिली. कवच तडतडलं आणि गप्प झालं.

"मला बघवत नाही," कोच म्हणाले. "तूच बघ."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. ग्रॅमताईनं पाव काट्यावर ठेवला. आकडा एकदा थरथरला आणि स्थिर झाला.

सातशे एक्याण्णव.

तिनं पाव उचलला, काटा शून्यावर येऊ दिला, पुन्हा ठेवला. सातशे एक्याण्णव.

"किती?"

तिनं पाव काट्यावरून उचलला.

"किती गं?"

"नऊशे चाळीस," ग्रॅमताई म्हणाली.

कोचनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांचे खांदे हलत होते. मग ते वळले आणि ओल्या डोळ्यांनी हसले. "म्हटलं नव्हतं तुला? आता रोज मीच करणार. सगळं परत करतो की नाही बघ."

तिनं पाव पुसून जाळीवर ठेवला आणि कॅलेंडरात त्या दिवसाच्या चौकोनात लिहिलं, ९४०. अक्षर नेहमीसारखंच नीट आलं.

कोच एप्रन सोडत बाहेर निघाले. टक्. बाहेरच्या खोलीत पेपर उघडल्याचा आवाज आला.

"ये की इकडं," त्यांनी हाक मारली. "अगं, कुठं गेलीस?"

"इथंच आहे," ती म्हणाली. "ओव्हनपाशी."

सैल फरशीवर ती दोन्ही पाय ठेवून उभी होती. तिनं एक पाय उचलून पुन्हा टेकवला, मग दुसरा.